मार्क ट्वेन : विनोद आणि ऋणमुक्ती

जानेवारी १८९६ मध्ये साठी गाठलेला एक अमेरिकन लेखक मुंबईस उतरला. जगाला हसविणारा म्हणून त्याची ख्याती होती. परंतु तो आला होता कर्ज फेडण्यासाठी व्याख्याने देत. त्याचे नाव सॅम्युएल क्लेमेन्स, वाचकांना परिचित असलेला मार्क ट्वेन.

त्याचा जन्म १८३५ साली मिसूरी राज्यात झाला. अकराव्या वर्षी वडील वारले आणि लवकरच शिक्षण सोडून तो छापखान्यात खिळे जुळवू लागला. पुढे मिसिसिपी नदीवर त्याने आगबोटी चालविल्या. दोन पुरुष खोल, म्हणजे बारा फूट पाणी आहे, अशी नावाड्यांची जी हाक असे, तीच त्याने १८६३ मध्ये टोपणनाव म्हणून स्वीकारली.

‘टॉम सॉयर’ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु त्याची खरी थोरवी ‘हकलबरी फिन’मध्ये आहे. ती अमेरिकेत १८८५ मध्ये निघाली. अर्धशिक्षित पोराच्या ओबडधोबड बोलीत सबंध कादंबरी सांगण्याचे धाडस त्याने केले. पळून आलेल्या गुलामाला साहाय्य करणे हे पाप आहे, अशीच हकला शिकवण मिळालेली. तरीही नरकात जाण्याची तयारी ठेवून तो जिमची साथ सोडत नाही. ट्वेन स्वतः गुलाम बाळगणाऱ्या घरात वाढला होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. कॉन्कॉर्ड गावच्या ग्रंथालयाने मात्र हे पुस्तक असभ्य ठरवून नाकारले.

त्याने प्रकाशनसंस्थाही काढली. जनरल ग्रँट यांच्या आठवणी छापून त्यांच्या विधवा पत्नीस १८८६ मध्ये दोन लक्ष डॉलरांचा धनादेश तिने दिला. पण मिळविलेला पैसा एका यंत्राने गिळला. खिळे जुळविण्याचे कष्ट ट्वेनने लहानपणी सोसले होते. म्हणून ते काम आपोआप करणाऱ्या पेज नावाच्या गृहस्थाच्या यंत्राचा त्याला मोह पडला. सुमारे अठरा हजार भागांचे ते यंत्र नीट चाले तेव्हा थक्क करी; पण वरचेवर बिघडे. तोवर साध्या व टिकाऊ लायनोटाइपने बाजार जिंकला. एप्रिल १८९४ मध्ये प्रकाशनसंस्थेचे दिवाळे वाजले.

सावकारांशी काही अंशावर तडजोड होऊ शकली असती. परंतु पै न् पै फेडावयाची, हा त्याचा निश्चय होता, आणि पत्नी ऑलिव्हिया हिचाही तोच आग्रह होता. म्हणून १८९५ मध्ये तो पृथ्वीपर्यटनास निघाला. मुंबईत खोकल्याने अंथरुणास खिळला असतानाही त्याने सज्जातील कावळ्यांचे आगाऊ वर्तन बारकाईने टिपले. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या राजवाड्यात त्याचे व्याख्यान झाले; तेथील सोन्यारुप्याच्या तोफांचा उल्लेखही त्याच्या प्रवासग्रंथात आहे.

दौरा संपला आणि ऑगस्ट १८९६ मध्ये लाडकी कन्या सूझी मेंदूच्या आवरणाच्या दाहाने वारली. तेव्हा तो इंग्लंडात होता. अंत्यदर्शनही घडले नाही. त्याच दुःखात त्याने प्रवासग्रंथ पुरा केला. तो १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८९८ मध्ये सर्व देणी फिटली.

२१ एप्रिल १९१० रोजी ट्वेन निवर्तला. कायदा व लोकरीत यांहून मनाचा कौल मोठा, हे त्याने हकच्या तोंडून सांगितले होते. कायद्याने सूट मिळत असता उतारवयात पुरे ऋण फेडून ते त्याने आचरूनही दाखविले.