एकवीस दिवसांचा इतिहास

इतिहासाच्या शिक्षकांचे प्रशिक्षण हा विषय मराठीच्या प्राध्यापकांनी का हाती घ्यावा, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. आम्हांपैकी दोघांचे बिऱ्हाड उलव्यात नसते, तर आम्हीही तो हाती घेतला नसता. एका संध्याकाळी शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या माध्यमिक शाळेतील इतिहासाच्या बाई दहावीचे पाठ्यपुस्तक घेऊन आल्या. त्यांचा प्रश्न साधा होता : ‘‘सर, बखर खरी की खोटी, एवढंच सांगा. मुलं विचारतात.’’

आम्ही वर्षानुवर्षे सभासदाची बखर आणि भाऊसाहेबांची बखर शिकवत आलो; पण गद्य म्हणून. वाक्याची लय, युद्धवर्णनातील आवेश, फारसी शब्दांची मिसळ यांवर आम्ही तासन्‌तास बोलू शकतो. बाईंच्या प्रश्नाला मात्र आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते.

हा प्रश्न दहावीच्या वर्गात आला तो २०१८ च्या पाठ्यपुस्तकामुळे. त्या वर्षी बालभारतीने दहावीच्या इतिहासाचा रोखच बदलला. घटनांच्या क्रमाऐवजी इतिहासलेखन कसे घडते, हे पुस्तकाच्या केंद्रस्थानी आले. पहिल्या प्रकरणात हिरोडोटसपासून रांके, मार्क्स आणि थेट मिशेल फुको. दुसऱ्यात भारतीय परंपरा आणि तिच्यात बखरी. पुढे उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन. एम.ए.च्या वर्गात ज्या फुकोपाशी आम्ही स्वतः अडखळतो, तो पंधरा वर्षांच्या मुलांसमोर येऊन उभा राहिला. हे धाडस आम्हांला मनापासून आवडले. परंतु ज्यांनी ते शिकवायचे त्यांची तयारी कोणी करून घेतली? बाईंच्या सांगण्यानुसार, त्या ज्या वर्गाला बसल्या तिथे प्रकरणांची संख्या, गुणविभागणी आणि प्रश्नपत्रिकेचा आराखडा समजावण्यात आला. बखरीचे एक पान काही कोणी उघडले नाही.

आम्हां महाविद्यालयीन मंडळींनी यावर हसण्याचे कारण नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून अकॅडमिक स्टाफ कॉलेजे उभारली. उद्बोधन वर्ग चार आठवड्यांचा, उजळणी वर्ग तीन आठवड्यांचा. २०१५ मध्ये या केंद्रांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले आणि २०२३ मध्ये ती मालवीय मिशनखाली आली. पाट्या बदलल्या; वर्गाची पदोन्नतीशी बांधलेली गाठ मात्र कायम राहिली. आम्हांपैकी एकाने एकवीस दिवसांचा उजळणी वर्ग केला, तेव्हा दिवसाला चार व्याख्याने आणि प्रत्येक सत्राला सही असे. विषय आठवत नाहीत, सह्या आठवतात. खरे शिक्षण झाले ते रात्री वसतिगृहाच्या व्हरांड्यात. मोडी वाचणारा इतिहासाचा एक प्राध्यापक तिथे भेटला आणि त्याने कागद कसा धरावा, शिरोरेषा आधी कशी पाहावी, हे दाखवले. त्याचे गुण अर्थातच कुठे धरले गेले नाहीत!

अमेरिकेत याच कामासाठी २००१ मध्ये सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या पुढाकाराने एक केंद्रीय अनुदान योजना सुरू झाली. तिची अट लक्षात घेण्याजोगी आहे : शालेय जिल्ह्याने एखादे विद्यापीठ, संग्रहालय, ग्रंथालय किंवा इतिहाससंस्था सोबत घेतलीच पाहिजे. त्यामुळे तिथल्या शिक्षकांना मूळ पत्रे, खातेवह्या, खटल्यांचे कागद हाताळता आले. योजनेचा परिणाम नीट मोजला गेला नाही, अशी टीका झाली आणि दहाएक वर्षांत निधीही आटला. तरीही ती अट आम्हांला मोलाची वाटते. शिक्षकाला इतिहास सांगण्यापूर्वी तो थोडाबहुत करता आला पाहिजे, हे तिच्यात गृहीत होते.

आणि ही काही परकी कल्पना नव्हे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात पानिपतापर्यंतच्या काळातील पत्रे आहेत. त्यातले एक पत्र आणि भाऊसाहेबांच्या बखरीतले एक पान शेजारी ठेवले, की ‘खरी की खोटी’ हा प्रश्नच बदलतो. पत्र लिहिणाऱ्याला उद्याची रसद कुठून येणार याची चिंता आहे. बखरकाराला शेवट ठाऊक आहे आणि म्हणून त्याच्या प्रत्येक वाक्यावर त्या शेवटाची छाया आहे. बाईंना आम्ही एवढेच सुचवले. या कामी मराठीचा शिक्षक इतिहासाच्या शिक्षकाच्या उपयोगी पडू शकतो, हे आम्हांलाही त्या दिवशी नव्याने कळले.

उलव्यासारख्या गावी तर या तयारीची निकड अधिक. आज ज्याला आपण उलवे म्हणतो तो सिडकोचा नोड; मूळ उलवे गाव नवी मुंबई विमानतळासाठी उठवलेल्या गावांपैकी एक. गावामागचा डोंगर सपाट झाला, नदी वळवली गेली. जवळच्या जासई-दास्तान परिसरात १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनावर गोळीबार झाला. त्यात पाच जण गेले. साडेबारा टक्के भूखंडाची योजना त्या आंदोलनातून आली. उरण तालुक्यातील चिरनेरचा २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रहही इथून दूर नाही. वर्गातली बहुतेक मुले मात्र बाहेरून आलेल्या कुटुंबांतली. त्यांचा उलव्याचा इतिहास खारकोपरच्या लोकलपासून, म्हणजे २०१८ पासून, सुरू होतो.

बाईंनी गेल्या सहामाहीत मुलांना घरातला एक जुना कागद आणायला सांगितले. बहुतेकांनी भाडेकरार आणले. काहींनी आजोळच्या लग्नपत्रिका. एका मुलाने पणजोबांच्या नावचा हाताने लिहिलेला सातबारा आणला. ती जमीन आता विमानतळाच्या कुंपणाआत आहे. फेरफार क्रमांक कशाला म्हणतात, इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचे नाव का आहे, खोडलेल्या नावावर कंस का, असे मुलांनी विचारले. ‘‘हे वाचायला मला कुठल्याच वर्गात शिकवलं नाही,’’ असे म्हणत बाई तो उतारा घेऊन आमच्याकडे आल्या. कंसाचा अर्थ आमच्याच महाविद्यालयातील कार्यालयाच्या शिपायाने सांगितला. त्याची शेती आहे. कुळाचे नाव मात्र आम्हांला अजून लागलेले नाही. शाई पसरली आहे. येत्या रविवारी त्या मुलाचे आजोबाच येणार आहेत, तेव्हा पुन्हा बसू.