वर्गशिस्त

प्राथमिक शाळेच्या वर्गात अध्ययन सुरळीत चालावे म्हणून शिक्षकाने मुलांच्या वर्तनाला लावलेले वळण व त्यासाठीची व्यवस्था.

महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांत शिस्तीची साधने छडी, अंगठे धरणे, ओणवे उभे करणे ही असत (पहा : गावठी शाळा). मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे व सांभाळावे, ही देशी रीत मद्रासेत पाहून अँड्रू बेल यांनी १७९७ मध्ये तिच्यावर आधारित पद्धतीचा वृत्तांत लंडनमध्ये प्रसिद्ध केला. आजचा मॉनिटर याच परंपरेतला. बालककेंद्री वळण मराठी मुलखात मुख्यतः ताराबाई मोडक यांनी दिले. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले (पहा : माँटेसरी पद्धती). या नावातील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण; रूढ मराठीत मात्र तो दंड, आणि कन्नडमधील ‘शिक्षे’चाही अर्थ तोच.

ठरलेला दिनक्रम, मुलांसह केलेले मोजके नियम, बैठकीची रचना, हातांना काम आणि चांगल्या वर्तनाची तत्काळ दखल ही आधुनिक पद्धतीची अंगे होत. बंगळूरच्या इंदिरानगरसारख्या बहुभाषिक वस्तीत घरची भाषा व वर्गाची भाषा अनेकदा वेगळी असते. सूचना न कळल्याने घडलेले वर्तन तेथे सहज अवज्ञा ठरते. म्हणून खुणा, चित्रे व टाळ्यांचे संकेत उपयोगी पडतात.

शिक्षण हक्क कायदा, २००९ (१ एप्रिल २०१० पासून लागू) याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. पहिली ते पाचवीसाठी, साठपर्यंत पटाला दोन शिक्षक हे प्रमाणही त्यातच आहे (पहा : बालहक्क).