उतारवयातील रोझेशिया आणि चेहऱ्याची निगा

साठीच्या आसपास गाल व नाक तांबूस दिसू लागले, चेहऱ्यातून मधूनच वाफा निघाल्यासारखे वाटू लागले आणि नेहमीचा साबणही चुरचुरू लागला, की घरातील प्रत्येकाकडे त्याचे कारण तयार असते. कोणी उष्णता म्हणते, कोणी पित्त, तर कोणी 'या वयात कसली मुरुमे' म्हणून हसण्यावारी नेते. अशा तक्रारींच्या मुळाशी रोझेशिया हा त्वचाविकार असू शकतो. तो संसर्गजन्य नाही व जिवावर बेतणाराही नाही. मात्र तो वर्षानुवर्षे मुक्काम करतो, कमीअधिक होत राहतो आणि चुकीच्या उपायांनी चिघळतो.

या विकारात चेहऱ्याच्या मध्यभागातील सूक्ष्म रक्तवाहिन्या ऊन, उष्णता, तिखट, मद्य, मनःक्षोभ अशा कारणांनी चटकन प्रसरण पावतात. पुढे त्यांतील काही कायमच्या विस्फारित राहतात व लालसर जाळे दिसू लागते. काहींना पुटकुळ्याही येतात. परंतु तारुण्यपीटिकांमध्ये असतात तशी काळी टोके त्यांत आढळत नाहीत. गव्हाळ वा सावळ्या वर्णावर लाली तपकिरी किंवा जांभळट छटेत दडून जाते, त्यामुळे निदान लांबते. आपल्याकडे म्हणूनच आरशापेक्षा रुग्णाच्या सांगण्याला अधिक महत्त्व द्यावे. जळजळ, ऊनऊन वाटणे, काहीही लावले तरी झोंबणे या तक्रारी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात.

वार्धक्यात या दुखण्याला आणखी एक पदर असतो. वयानुसार त्वचेतील स्निग्धांश घटतो, तिचा बाह्यस्तर कोरडा पडतो आणि झालेली झीज भरून येण्यास अधिक दिवस लागतात. रोझेशियात हेच संरक्षक कवच आधीच दुबळे झालेले असते. त्यामुळे विशीतील नातीला मानवणारी प्रसाधने आजीला मानवतील, असे नाही. अशा चेहऱ्याला जितके कमी लावावे तितके बरे. सुरकुत्या घालवणारी मलमे, खरखरीत स्क्रब, मुलतानी मातीचे लेप, लिंबाचा रस, डाळीच्या पिठाचे उटणे हे सारे बाजूला ठेवावे. नैसर्गिक वस्तू अपाय करीत नाही, ही आपली समजूत येथे फार महागात पडते.

चेहरा दिवसातून दोनदा, कोमट पाण्याने, बोटांच्या टोकांनी धुवावा. साध्या साबणाचा सामू साधारणतः ९ ते १० असतो, तर निरोगी त्वचेचा सुमारे ५. म्हणून साबणरहित सौम्य क्लीन्झर वापरणे श्रेयस्कर. पंचाने खसाखसा पुसण्याची सवय सोडून चेहरा नुसता टिपून घ्यावा. त्वचा किंचित ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेले, सुगंधविरहित मॉइश्चरायझर लावावे. कोणतेही नवे मलम आधी जबड्याखाली थोड्याशा जागेवर चार-पाच दिवस लावून पाहावे आणि एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करावी, म्हणजे काय बाधले ते कळते. पुरुषांनी दाढीनंतर तुरटी फिरवणे व अल्कोहोलयुक्त लोशन लावणे थांबवावे. पिढ्यान्‌पिढ्यांची ही सवय मोडताना कुरकुर होते, हे मान्य. पण तुरटीने त्वचा आणखी कोरडी पडते व झोंबते.

उन्हाचा बंदोबस्त अत्यावश्यक आहे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले, किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन संवेदनशील त्वचेला बहुधा सोसते. जोडीला छत्री वा रुंद काठाची टोपी हवीच. 'ड' जीवनसत्त्वासाठी कोवळ्या उन्हात बसण्याचा सल्ला ज्येष्ठांना दिला जातो. तो पाळताना हातपाय उन्हात व चेहरा सावलीत ठेवता येतो. सर्दी झाली, की डोक्यावर चादर घेऊन वाफारा घेण्याची आपली पद्धत मात्र रोझेशियाला मुळीच मानवत नाही. तीच गोष्ट कडकडीत पाण्याच्या स्नानाची आणि तासन्‌तास शेगडीसमोर उभे राहण्याची. चहा सोडावा लागेल का, असे हमखास विचारले जाते. बहुतेकदा त्रास चहाच्या गरमपणाचा असतो, चहाचा नव्हे. थोडा निवू देऊन प्यावा. सर्वांनाच सारख्या गोष्टी बाधत नाहीत, म्हणून महिनाभर साध्या वहीत नोंद ठेवल्यास आपापली कारणे उलगडतात. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनसारख्या काही औषधांनीही चेहरा लाल होऊ शकतो. तशी शंका आल्यास डॉक्टरांशी बोलावे, गोळी परस्पर बंद करू नये.

सर्वांत मोठे नुकसान होते ते औषधांच्या दुकानातून, शेजाऱ्यांच्या शिफारशीवरून आणलेल्या मलमांमुळे. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांसारखी स्टेरॉइडयुक्त मलमे रक्तवाहिन्या आकुंचित करतात, त्यामुळे दोन-चार दिवसांत चेहरा उजळल्यासारखा दिसतो आणि मलमावर विश्वास बसतो. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या अधिक दिसू लागतात, आणि मलम थांबवताच लाली व पुटकुळ्या पूर्वीपेक्षा जोमाने उसळतात. रुग्ण घाबरून पुन्हा तेच मलम लावतो आणि या चक्रात वर्षे जातात. वृद्धांची त्वचा मुळातच पातळ असल्याने ही हानी लवकर होते. केंद्र सरकारने २०१८ साली अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरीही नळीवरील घटकांची नावे वाचण्याची सवय आपणच लावून घ्यायला हवी. अक्षरे बारीक असतात, तेव्हा हे काम घरातील तरुणांनी करावे. दीर्घकाळ लावलेले मलम कसे थांबवायचे, हेही त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

योग्य उपचार उपलब्ध आहेत. मेट्रोनिडॅझोल, अ‍ॅझेलिक आम्ल किंवा आयव्हरमेक्टिन यांची मलमे पुटकुळ्यांवर दिली जातात, तर गरजेनुसार कमी मात्रेतील डॉक्सिसायक्लिन पोटात देतात. ही गोळी भरपूर पाण्यासोबत घ्यावी व लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. झोपण्यापूर्वी घोटभर पाण्यावर गोळ्या गिळणाऱ्या ज्येष्ठांना हे मुद्दाम सांगावे लागते. गुण दिसण्यास काही आठवडे लागतात, तेवढा धीर हवा. कायमच्या विस्फारलेल्या रक्तवाहिन्यांसाठी लेझरचा पर्याय आहे.

काही जणांत, विशेषतः वयस्क पुरुषांत, नाकाची त्वचा जाड व गाठाळ होते. इटालियन चित्रकार डोमेनिको गिर्लांदायो याने १४९०च्या सुमारास रंगवलेल्या वृद्ध आजोबा व नातवाच्या चित्रात असेच नाक दिसते. हे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. चित्रातील नातू आजोबांकडे निःशंक मायेने पाहतो. प्रत्यक्षात मात्र असे नाक म्हणजे मद्यपानाची खूण, असा समज लोकांत घट्ट आहे. थेंबालाही न शिवलेल्या माणसाला असे नाक येऊ शकते. या समजापायी कित्येक ज्येष्ठ चारचौघांत जाणे टाळतात, हे विकाराइतकेच क्लेशदायक आहे. जाड झालेला भाग शस्त्रक्रियेने वा लेझरने कमी करता येतो.

डोळ्यांकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. रोझेशिया पापण्यांवरही उतरतो. डोळ्यांत खडा गेल्यासारखे टोचणे, कोरडेपणा, पापण्यांच्या कडा सुजणे, वारंवार रांजणवाडी होणे ही त्याची लक्षणे वयाच्या किंवा मोतीबिंदूच्या खात्यावर जमा होतात. कोमट (गरम नव्हे) ओल्या कापडाने पापण्या शेकून कडा हलक्या हाताने स्वच्छ केल्यास आराम पडतो. डोळा दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागले, तर मात्र नेत्रतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवावे.