गुडघा व खुब्याचा संधिवात

गुडघा आणि खुबा या शरीराचा भार वाहणाऱ्या सांध्यांत उतारवयात आढळणारा संधिवात हा बहुतांशी अस्थिसंधिवात असतो. आमवात याहून निराळा. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते आणि बहुधा हातापायांचे लहान सांधे आधी सुजतात.

अस्थिसंधिवातात हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा पातळ व खरखरीत होते, कडांना हाडाची वाढ होते आणि अस्तरही अधूनमधून सुजते. ‘वंगण संपले’ हा रूढ शब्दप्रयोग म्हणूनच दिशाभूल करणारा आहे. तो ऐकून रुग्ण चालणे सोडतो, मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि सांध्यावरील ताण उलट वाढतो. क्ष-किरण चित्रातील बिघाड व प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाणही नेहमी जुळत नाही.

कारणे व लक्षणे

वय, स्थूलपणा, जुनी दुखापत व आनुवंशिकता ही प्रमुख कारणे होत. गुडघ्याचा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. दीर्घकाळ उकिडवे बसून करावयाच्या कामांशीही त्याचा संबंध आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांत भांगलणीचे काम मुख्यत्वे स्त्रियाच करतात, हे येथे ध्यानात घ्यावे. जावळी-पाटणच्या डोंगराळ भागात चढापेक्षा उतार अधिक त्रासदायक ठरतो, कारण उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे दाब वाढतो.

खुब्याची वेदना सहसा जांघेत जाणवते, क्वचित केवळ गुडघ्यात. त्यामुळे गुडघेदुखीच्या रुग्णाचा खुबाही तपासावा लागतो. मांडी घालणे किंवा पायाची नखे कापणे अवघड होणे ही त्याची आरंभीची खूण. भारतात तरुणांचा खुबा निकामी होण्यामागे मात्र मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होणे हे मोठे कारण आहे. अतिमद्यपान व स्टेरॉइडचा दीर्घ वापर त्यास हातभार लावतात.

उपचार

व्यायाम हा उपचाराचा पाया आहे. खुर्चीवर बसून पाय सरळ करून काही क्षण ताठ धरणे, हात न टेकता खुर्चीवरून उठणे व सपाट रस्त्यावर चालणे एवढ्यानेही आरंभ करता येतो. प्रारंभी थोडे दुखले तरी अपाय होत नाही. वजन १ किलोने घटल्यास चालताना गुडघ्यावरील भार दर पावलाला सुमारे ४ किलोने कमी होतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. अनेकजण नेमके उलट करतात. कमोड व उंच आसन यांचा उपयोग होतो.

गुडघ्यावर वेदनाशामक मलम लाभदायक ठरते. खुबा खोल असल्याने तेथे ते पोहोचत नाही. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंडांना धोका संभवतो. सांधा एकाएकी लाल व गरम होऊन ताप आल्यास जंतुसंसर्गाची शंका घेऊन त्वरित रुग्णालय गाठावे.

हे उपाय अपुरे पडून झोप व दैनंदिन हालचाल बिघडल्यास सांधेरोपण करतात. आधुनिक खुबारोपणाचा पाया जॉन चार्नली यांनी १९६२च्या सुमारास इंग्लंडमध्ये घातला. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर २००० व २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी केलेल्या शस्त्रक्रियांमुळे हा उपचार भारतात घरोघरी परिचित झाला. कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या प्रचलित संचासाठी ती कर वगळून ५४,७२० रुपये ठरली. रुग्णालयाचा खर्च याहून वेगळा असतो, आणि शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम कित्येक आठवडे करावाच लागतो.