द्रवस्फटिक आणि वीज

घन पदार्थ तापविला कीं एकदांच वितळतो, असा सर्वांचा अनुभव असतो. परंतु १८८८ सालीं प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनिट्झर यांस एक विलक्षण पदार्थ आढळला. तो सुमारें १४५ अंशांवर वितळून गढूळ होई आणि १७८ अंशांवर पुन्हां पालटून निर्मळ होई. मधल्या अवस्थेंत तो वाहे द्रवासारखा, पण प्रकाशाशीं वागे स्फटिकासारखा. हाच द्रवस्फटिक.

अशा द्रवाचे लांबट रेणु एकाच दिशेनें रोंखलेले असतात. लेनिनग्राड येथील व्सेवोलोद फ्रेडेरिक्स यांनीं १९२७ सालीं दाखविलें कीं, दोन कांचांमधील पातळ थरावर चुंबकाचें बल ठराविक मर्यादेपलीकडे गेलें म्हणजे हे रेणु वळूं लागतात. पुढें विजेनेंहि तेंच घडतें असें दिसून आलें. रेणु वळले कीं त्यांतून जाणारा प्रकाशहि निराळा वागतो. परंतु १९३६ सालीं फ्रेडेरिक्स यांना स्टालिनच्या राजवटींत अटक झाली. पुढचीं वर्षें बंदिवासांत गेलीं आणि १९४४ सालीं त्यांचा अंत झाला.

१९७० सालीं स्वित्झर्लंडांतील बाझेल येथें शाट व हेल्फ्रिख यांनीं रेणूंच्या थराला दोन कांचांमध्यें पाव फेऱ्याचा पीळ दिला. प्रकाशाच्या कंपनाची दिशा त्या पिळाबरोबर वळे व प्रकाश पुढील ध्रुवक-पट्टींतून पार होई. विजेचा अल्पसा दाब देतांच पीळ सुटे आणि तेथें अंधार होई. नेहमींच्या हवेंत टिकणारा द्रवस्फटिक इंग्लंडांतील हल येथें जॉर्ज ग्रे यांनीं १९७२ सालीं सिद्ध केला, आणि मनगटावरील घड्याळांत काळे अंक उमटूं लागले. त्या अंकांमागील रेणूंचें वळण ज्यांनीं प्रथम मोजलें, त्यांना मात्र तें पाहावयास मिळालें नाहीं.