पर्यावरणीय प्रवाह

नदीतली जीवसृष्टी, काठची झाडी आणि मुखाजवळची खाडी टिकण्यासाठी पात्रात जितके, ज्या ऋतूत आणि ज्या प्रतीचे पाणी वाहते राहावे लागते, त्याला पर्यावरणीय प्रवाह म्हणतात. जलनियोजनात ही गरज बहुधा शेवटी येते. शेती, शहरे आणि वीज यांची वाटणी झाल्यावर उरेल ते नदीचे. ही रीतच उलटी आहे, कारण मागाहून उरत काहीच नाही. कृष्णेच्या ७५ टक्के विश्वासार्हतेच्या (शंभरातल्या ७५ वर्षी मिळणाऱ्या) २,०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्यापैकी बच्छावत लवादाने (१९७३) महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० दिले. बेरीज तंतोतंत जुळते. नदीच्या नावावर मात्र थेंबही नाही. ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये किमान प्रवाहासाठी १६ टीएमसी राखले, पण तो निवाडा सर्वोच्च न्यायालयात अडकला.

कृष्णेच्याच खोऱ्यातल्या बेळगाव परिसरात या हिशेबाचे परिणाम जवळून दिसतात. बेळगाव शहराची तहान मार्कंडेय नदीवरचे राकसकोप आणि घटप्रभेवरचे ५१ टीएमसीचे हिडकल हे जलाशय भागवतात. शहराचे सांडपाणी घेऊन बळ्ळारी नाला पुन्हा मार्कंडेयलाच मिळतो. तेव्हा उन्हाळ्यात पात्र ओले दिसले म्हणून नदीची गरज भागली असे होत नाही. प्रतीविना प्रमाणाला अर्थ नाही.

नदीसाठी पाणी राखण्यावरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे समुद्राला मिळणारे पाणी वाया जाते. कर्नाटक आणि गोवा यांच्यातल्या म्हादई नदीच्या वादात तो नेमक्या आकड्यांनिशी येतो. म्हादई लवादाच्या २०१८ च्या निवाड्यात खोऱ्याचे पाणी सुमारे १८८ टीएमसी धरले आहे. मलप्रभा नदीत वळवण्यासाठी कळसा आणि भंडुरा या ओढ्यांचे मिळून ३.९० टीएमसी, म्हणजे दोन टक्के. एवढ्याने काय बिघडते? पण टक्का मुखाशी नव्हे, पाणी उचलतात त्या ओढ्यावर मोजायला हवा. खानापूर तालुक्यातल्या उगमाकडच्या ओढ्यांत मार्चमध्ये जे मोजके पाणी असते, त्यातून उचललेला वाटा जुलैच्या लोंढ्यातल्या तेवढ्याच पाण्याच्या बरोबरीचा नसतो. शिवाय खाली, गोव्यात मांडवी म्हणवणाऱ्या याच नदीच्या खाडीत खारे पाणी किती आत शिरेल, हे वरून येणाऱ्या गोड्या पाण्यावर ठरते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: माणसे तहानलेली असताना माशांचा विचार कशाला? पिण्याचा हक्क पहिला, यात वाद नाही. मात्र चिकोडी, अथणी, रायबाग भागात पाण्याचा मोठा उपसा उसासाठी होतो, घागरीसाठी नव्हे. तेव्हा तहान हे नदीचा वाटा नाकारण्याचे कारण ठरत नाही. मात्र पाणी ऋतूनुसार बदलत असल्याने तो वाटा वार्षिक बेरजेत न ठेवता धरणाच्या विसर्ग-वेळापत्रकात लिहावा लागतो. केंद्राने २०१८ मध्ये गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी ऋतूनुसार २० ते ३० टक्के प्रवाह बांधून दिला. ती अधिसूचना गंगेपुरतीच आहे.