मामाची मान का कापली? टाटा हॉस्पिटलमधल्या एका प्रश्नाची गोष्ट

आजचा एपिसोड माझ्या मामामुळे सुचला.

दीड वर्षापूर्वी मामाचं जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. मागच्या महिन्यात तपासणीसाठी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने निघालो, तर मामा वैतागलेला. "जिभेला झालं होतं ना, मग मान कशाला कापली? आणि आता बरा आहे, तर सारख्या चकरा कशाला?"

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात मोठा इतिहास आहे.

परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल 1941 मध्ये सुरू झालं. तोंडाच्या कॅन्सरवर उपचार करणाऱ्या जगभरच्या सर्जन लोकांचा कित्येक दशकं एक वाद चालला होता. तोंडातली गाठ लहान आहे, मानेत हाताला काही लागत नाही. मग मानेतल्या ग्रंथी तेव्हाच काढायच्या, की गाठ आली तर बघू? काही जण म्हणायचे, अनेकांच्या मानेत काहीच नसतं, उगाच खांदा दुखावतो. दुसरे म्हणायचे, न दिसणाऱ्या पेशी तिथेच लपतात आणि कॅन्सर परत येतो.

2004 मध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या टीमने टाटामध्ये हे तपासायला घेतलं. चिठ्ठी टाकावी तसे पेशंटचे दोन गट केले. पहिल्या 500 जणांचा हिशोब असा: 'थांबून बघू' गटातल्या 255 पैकी 146 जणांना कॅन्सर परत आला, आधीच ग्रंथी काढलेल्या 245 पैकी 81 जणांना. तीन वर्षांनी जिवंत राहण्याचं प्रमाण 67.5 टक्के विरुद्ध 80 टक्के. म्हणजे आठ जणांच्या ग्रंथी आधीच काढल्या, तर एक जीव जास्त वाचतो. 2015 मध्ये शिकागोच्या परिषदेत हे निकाल मांडले गेले. जगाचा वाद परळमध्ये सुटला, कारण तंबाखूमुळे एवढे पेशंट आपल्याकडेच होते. हे अभिमानाने सांगू की लाजेने, मला कळत नाही.

पण आकडे नीट बघा. ग्रंथी काढूनही 81 जणांना परत आलाच. आणि परत येतो तो बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच. मामाच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेच. तोंडात न भरणारी जखम, मानेत नवी गाठ, गिळताना त्रास, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेचीही वाट बघायची नाही. आणि तंबाखू बंद म्हणजे बंद.

परतीच्या गाडीत मामाला हे सगळं सांगितलं. इगतपुरी येईपर्यंत तो मानेवरच्या व्रणावर हात ठेवून गप्प बसला होता. मग म्हणाला, "पुढची तारीख तुझ्या मोबाईलमध्ये टाकून ठेव रे."

टाकली आहे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.